मराठी फाईल काल चालत होती, आज पायथॉन एरर देतोय: उकार, जोडाक्षरं आणि ओपन मधलं एन्कोडिंग

सातारा, सांगली, नागपूर, नाशिक एवढीच गावं फाईलमध्ये होती तोवर स्क्रिप्ट बिनतक्रार पळत होती, आणि ज्या दिवशी कोणीतरी पुणे टाकलं त्या दिवशी ती पडली. गंमत म्हणून नाही सांगत, खरंच असंच होतं आणि त्याला नेमकं कारण आहे. मी आमच्या तालुक्याच्या वाचनालयासाठी सभासदांची यादी सांभाळणारी एक छोटी पायथॉन स्क्रिप्ट लिहिलेली, माझ्या लिनक्स लॅपटॉपवर ती कधीच पडली नाही, वाचनालयाच्या विंडोज पीसीवर मात्र दर महिना दोन महिन्यांनी फोन यायचा की परत तोच एरर आलाय. दरवेळी मी फाईल मागवून घ्यायचो, नोटपॅडमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करून पाठवायचो, काही दिवस चालायचं, मग परत तेच. मूळ कारण कळायला मला खूप वेळ लागला म्हणून इथे सविस्तर लिहितोय. आज्ञा आणि एरर सगळे देवनागरीतच लिहिलेत, टाईप करताना अर्थातच नेहमीचं स्पेलिंग वापरा.

एरर साधारण असा दिसतो: युनिकोडडीकोडएरर, पुढे चारमॅप कोडेकला (बाईटची अक्षरं करणाऱ्या भागाला) बाईट ८डी अमुक पोझिशनला डीकोड करता येत नाही, आणि शेवटी कॅरेक्टर मॅप्स टू अनडिफाईन्ड. कधी ८डी च्या जागी ८१ असतं, कधी ९डी, क्वचित ८एफ किंवा ९०. हे पाच आकडे (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीने लिहिलेले बाईट) लक्षात ठेवा, सगळं उत्तर त्यातच आहे.

पायथॉनमध्ये तुम्ही नुसतं ओपन("सभासद.सीएसव्ही") लिहिता तेव्हा एन्कोडिंग, म्हणजे कुठले बाईट म्हणजे कुठलं अक्षर हा नियम, तुम्ही सांगितलेलं नसतं, मग पायथॉन ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो की बाबा तुझ्याकडे काय चालतं. लिनक्स आणि मॅकवर उत्तर बहुतेक यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या बसणारं एन्कोडिंग) येतं. आपल्याकडच्या बहुतेक विंडोजवर, जिथे भाषा इंग्रजी इंडिया ठेवलेली असते, उत्तर येतं सीपी-१२५२, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेला जुना एक-बाईटवाला तक्ता. त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. आणि मराठी किंवा हिंदीसाठी तसं वेगळं ॲन्सी कोडपेज (विंडोजचा असाच जुना तक्ता) विंडोजने दिलेलंच नाही, त्यामुळे रिजनच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी केली की प्रश्न सुटेल असं कोणी सांगत असेल तर त्यात वेळ घालवू नका.

आता यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, प्रत्येक उकार तीन बाईटचा असतो. पहिला बाईट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५, आणि तिसरा बदलता. म म्हणजे ई०-ए४-एई. सीपी-१२५२ ला हे तीन बाईट दिले की तो तीन वेगळी अक्षरं समजतो: डोक्यावर तिरका फटकारा असलेला इंग्रजी ए, मग चार कोपऱ्यांना टोकं असलेला छोटा गोल, मग गोलातला आर. मराठी फाईल बिघडल्यावर तो फटकाऱ्याचा ए सारखा सारखा का दिसतो ते यावरून कळेल, प्रत्येक अक्षराची सुरुवातच ई० ने होते ना. कचरा दिसतो, पण एरर येत नाही, कारण त्या तिन्ही बाईटना त्या तक्त्यात जागा आहे.

फक्त पाच बाईटना त्या तक्त्यात जागाच नाही. ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आणि आपलं नशीब असं की ८१ हा ह्रस्व उकाराचा शेवटचा बाईट आहे, आणि ८डी हा हलन्ताचा, म्हणजे प्रत्येक जोडाक्षराच्या पोटात तो असतोच. ८एफ म्हणजे ए, ९० म्हणजे ऐ (ॐ चासुद्धा हाच), ९डी म्हणजे झ. चंद्रबिंदूचा पण ८१ आणि ऍ चा पण ८डी. बस, एवढ्यावरच सगळं ठरतं. सातारा, सांगली, अकोला, सोलापूर यात यातलं काहीच नाही, म्हणून गपचूप पुढे जातात. पुणे आणि मुंबईत ह्रस्व उकार, कोल्हापुरात ल्ह, म्हणून तिथे स्क्रिप्ट आडवी. म्हणजे एरर कोणाचं नाव यादीत आलं त्यावर ठरत होता, आणि आम्ही विंडोज अपडेट, अँटीव्हायरस, नवीन पेन ड्राईव्ह असं कशाकशाला दोष देत बसलो होतो.

याहून वाईट भाग म्हणजे एरर न येता चालणारी स्क्रिप्ट. सीपी-१२५२ ने कचरा वाचला आणि सीपी-१२५२ नेच परत लिहिला तर बाईट जसेच्या तसे फाईलमध्ये जातात, नोटपॅडमध्ये उघडून बघितलं तर सुंदर मराठी दिसतं, म्हणून कोणाला शंकाच येत नाही. पण मधल्या काळात पायथॉनच्या लेखी नाशिक हा पाच ऐवजी पंधरा अक्षरांचा शब्द असतो, त्यामुळे पहिली दहा अक्षरं कापा म्हटलं की अक्षर मधेच तुटतं आणि रुंदी बघून भरलेल्या जागा चुकतात. कोडमध्येच लिहिलेल्या "नाशिक" शी तुलना केली तर जुळतच नाही. तुमच्याकडे शोध लागत नाहीये पण एररही नाहीये असा प्रकार असेल तर आधी लेन ने लांबी छापून बघा, तिप्पट आली की समजा हेच झालंय.

तर उपाय. प्रत्येक ओपन मध्ये एन्कोडिंग लिहायचं, वाचताना पण आणि लिहिताना पण: ओपन("सभासद.सीएसव्ही", "आर", एन्कोडिंग="यूटीएफ-८"). प्रत्येक म्हणजे खरोखर प्रत्येक. माझ्या स्क्रिप्टमध्ये आधी फक्त वाचताना लिहिलं, पावती लिहिताना विसरलो, लॉग फाईलचं तर डोक्यातच नव्हतं. पाथलिबचं रीड-टेक्स्ट आणि राईट-टेक्स्ट, लॉगिंगचा फाईलहँडलर, सबप्रोसेसमधून मजकूर घेताना, या सगळ्यांना एन्कोडिंग देता येतं आणि द्यायलाच हवं. लॉगिंग तर अजून फसवं, तिथे एन्कोड करता आलं नाही तर प्रोग्रॅम पडत नाही, स्क्रीनवर लॉगिंग एरर असं काहीतरी येऊन जातं आणि ती ओळ फाईलमध्ये पोचतच नाही. पांडाज (तक्ते हाताळणारी पायथॉनची लायब्ररी) वापरत असाल तर तिथे रीड-सीएसव्ही चं डिफॉल्ट आधीपासूनच यूटीएफ-८ आहे, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की माझ्याकडे तर चालतंय, आणि साध्या ओपन वर आल्यावर अडकतात.

लिहिताना होणाऱ्या एररबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. डब्ल्यू, म्हणजे लिहायच्या मोडमध्ये फाईल उघडली की ती त्याच क्षणी रिकामी होते, लिहायला सुरुवात व्हायच्या आधीच. मग पहिल्याच मराठी अक्षराला युनिकोडएन्कोडएरर आला की तुमच्या हातात शून्य बाईटची फाईल उरते. जी फाईल वाचली तीच परत लिहीत असाल तर जुना मजकूर गेला. म्हणून आधी बाजूला तात्पुरत्या नावाने लिहा, सगळं नीट झालं की मगच ओएस-रिप्लेसने मूळ फाईलच्या जागी आणा. दोन ओळींचं काम आहे, पण त्याने कोणाचं तरी वर्षभराचं टायपिंग वाचतं.

बाहेरून आलेली फाईल कुठल्या एन्कोडिंगमध्ये आहे ते माहीत नसेल तर अंदाज लावत बसू नका, बाईट बघा. आरबी, म्हणजे कच्चे बाईट वाचायच्या मोडमध्ये उघडा, तिथे एन्कोडिंग लागतच नाही, पहिले पन्नास-साठ बाईट वाचा आणि छापा. ई०-ए४ आणि ई०-ए५ सारखे दिसताहेत म्हणजे शुद्ध यूटीएफ-८ मधली देवनागरी. सुरुवातीला ईएफ-बीबी-बीएफ आहे म्हणजे यूटीएफ-८ च, पण पुढे बॉम, म्हणजे एन्कोडिंग ओळखायची खूण, लावलेला. सुरुवातीला एफएफ-एफई म्हणजे यूटीएफ-१६. बॉम नसलेलं यूटीएफ-१६ असेल तर एक मजेशीर खूण दिसते, देवनागरी अक्षराचा दुसरा बाईट ०९ असतो आणि ०९ म्हणजे टॅब, त्यामुळे पायथॉन प्रत्येक अक्षरामागे टॅबची खूण छापतो. सी३-ए०-सी२-ए४ असं दिसलं तर कोणीतरी कचरा वाचून तो कचराच यूटीएफ-८ मध्ये लिहिलाय, म्हणजे दुहेरी एन्कोडिंग, ते बहुतेक वेळा उलटवता येतं, त्याबद्दल पुढे लिहितो. आणि नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर मात्र मजकूर गेलेला आहे, कुठलंही एन्कोडिंग लावून तो परत येणार नाही, मूळ फाईल शोधा. एन्कोडिंग ओळखणाऱ्या लायब्रऱ्या आहेत, चारडेट वगैरे, पण छोट्या फाईलवर त्या चुकतात, मी तरी त्यांच्या भरवशावर रोज चालणारी स्क्रिप्ट ठेवणार नाही.

एरर मेसेज नीट वाचला तर तोही बरंच सांगतो. चारमॅप आणि ते पाच आकडे म्हणजे फाईल यूटीएफ-८ आहे आणि वाचणारा सीपी-१२५२. याच्या उलट यूटीएफ-८ कोडेक म्हणतोय की बाईट ९२ किंवा ९६ इनव्हॅलिड स्टार्ट बाईट, तर फाईल ॲन्सीमध्ये सेव्ह झालीय आणि वर्डमधून आलेलं वळणदार ॲपॉस्ट्रॉफी किंवा डॅश त्यात अडकलंय. एफएफ पोझिशन शून्यला म्हणजे यूटीएफ-१६. पूर्ण इंग्रजी फाईलमध्ये ९डी चा एरर आला तरी घाबरू नका, बंद होणाऱ्या वळणदार डबल कोटचा शेवटचा बाईट ९डी च असतो. आणि ती जी पोझिशन सांगतात ती फाईलच्या सुरुवातीपासूनच मोजलेली असेल असं नाही, ओळीओळीने वाचताना पायथॉन काही हजार बाईटचे तुकडे डीकोड करतो आणि पोझिशन त्या तुकड्यातली असते. मी एकदा तासभर चुकीच्या ओळीत शोधत होतो.

तुकड्यांवरून आठवलं, काहीजण मोठी फाईल आरबी मध्ये उघडून ४०९६ बाईट घेतात आणि प्रत्येक तुकड्याला डीकोड लावतात. ४०९६ ला तीनने भाग जात नाही, कुठलं तरी अक्षर मधोमध चिरलं जाणारच, मग अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा. फाईल टेक्स्ट मोडमध्ये उघडा, तुटलेले बाईट पुढच्या तुकड्यासाठी धरून ठेवायचं काम स्ट्रीम स्वतः करतो. सॉकेट वगैरेमधून येत असेल तर कोडेक्स मधला इन्क्रिमेंटल डीकोडर घ्या.

आता एक्सेल, कारण वाचनालयातल्या काकांना पायथॉनशी काही देणंघेणं नाही, ते यादी एक्सेलमध्येच उघडणार आणि ते बरोबरच आहे. बॉम नसलेली यूटीएफ-८ सीएसव्ही डबल क्लिक करून उघडली की एक्सेल ती ॲन्सी समजतो आणि तो फटकाऱ्याचा ए सगळीकडे. म्हणून एक्सेलसाठी लिहायच्या फाईलला एन्कोडिंग="यूटीएफ-८-सिग" द्या, त्याने सुरुवातीला बॉम लागतो आणि एक्सेल ओळखतो. सोबत न्यूलाईन="" पण द्या, नाहीतर विंडोजवर एकाआड एक रिकामी ओळ येते. वाचताना पण यूटीएफ-८-सिगच वापरा, बॉम असला तरी चालतं, नसला तरी चालतं. साध्या यूटीएफ-८ ने बॉमवाली फाईल वाचली तर एरर येत नाही, पण पहिल्या कॉलमच्या नावाला एक न दिसणारं अक्षर चिकटतं, मग तुम्ही ओळीतून "नाव" मागता आणि कीएरर, आणि छापून बघितलं तर "नाव" तिथेच दिसतंय. हा एक प्रकार मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय.

एक्सेलमधून सेव्ह करणाऱ्यांना एकच सांगा, सीएसव्ही यूटीएफ-८ नावाचा पर्याय निवडायचा, तो एक्सेल २०१६ पासून आहे. त्याच यादीतला साधा सीएसव्ही कॉमा डिलिमिटेड निवडला तर मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती कायमची. युनिकोड टेक्स्ट असा पण एक पर्याय दिसतो, तो यूटीएफ-१६ आणि टॅब लावलेली फाईल देतो, वाचता येते पण मग एन्कोडिंग="यूटीएफ-१६" आणि डिलिमिटर टॅब. नोटपॅडचं म्हणाल तर विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, नवी फाईल तो यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतो, त्याआधी ॲन्सी होतं. जुना पीसी असेल तर सेव्ह ॲज च्या खाली बघून घ्या.

अजून एक सापळा टर्मिनलचा. स्क्रिप्ट नुसती चालवली तर मराठी छापते, पण बाणाचं चिन्ह देऊन आउटपुट फाईलमध्ये वळवलं की पडते. पायथॉन ३.६ पासून विंडोजच्या कन्सोलशी बोलणं युनिकोडमध्ये होतं, पण आउटपुट फाईलकडे वळवलं की परत सीपी-१२५२. सिस-एसटीडीआउट वर रीकॉन्फिगर(एन्कोडिंग="यूटीएफ-८") बोलवा, ते ३.७ पासून आहे. विंडोजसोबत येणारं जुनं पॉवरशेल ५.१ असेल तर ते तोच बाण वापरून फाईल यूटीएफ-१६ मध्ये लिहितं, त्यामुळे तिथे तर बाण टाळून पायथॉनमधूनच फाईल लिहिलेली बरी.

प्रत्येक ठिकाणी लिहायचा कंटाळा असेल किंवा कोड दुसऱ्याचा असेल तर यूटीएफ-८ मोड आहे, ३.७ पासून. पायथॉनयूटीएफ८ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा किंवा चालवताना एक्स यूटीएफ८ हा पर्याय द्या, सगळ्या ओपन चं डिफॉल्ट बदलतं. पेप ६८६ मध्ये (पायथॉनमधल्या बदलांच्या एका प्रस्तावात) ठरल्याप्रमाणे ३.१५ पासून हेच कायमचं डिफॉल्ट होतंय. तरीपण मी एन्कोडिंग लिहीतच राहणार, कारण माझी स्क्रिप्ट कुठल्या पीसीवर कुठल्या आवृत्तीत चालेल हे माझ्या हातात नाही. कुठे लिहायचं राहिलंय ते शोधायला ३.१० पासून एक्स वॉर्न-डिफॉल्ट-एन्कोडिंग हा पर्याय आहे, त्याने प्रत्येक राहिलेल्या जागी वॉर्निंग येते, माझ्या जेमतेम दोनशे ओळींच्या स्क्रिप्टमध्ये अकरा जागा सापडल्या. जावावाल्यांची कहाणी अगदी हीच आहे, तिथे जावा १८ मध्ये २०२२ साली डिफॉल्ट यूटीएफ-८ झालं, जुन्या आवृत्तीत फाईलरीडरला कॅरसेट देता येतो पण तो कन्स्ट्रक्टरही ११ मध्येच आला, त्याआधी इनपुटस्ट्रीमरीडरच्या वाटेने जावं लागायचं.

एक प्रकार असा आहे की जिथे यातलं काहीच लागू पडत नाही. फाईल श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्ही-टीटीसुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली असेल तर तिच्यात मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत आणि फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे आकार चढवतो. कुठलंही एन्कोडिंग देऊन ती वाचता येणार नाही, त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. बाईट छापल्यावर ई०-ए४ कुठेच नाही आणि अर्थ न लागणारी साधी इंग्रजी अक्षरं दिसताहेत, म्हणजे हे प्रकरण.

आता एरर्स या पर्यायाबद्दल, कारण खरं नुकसान तिथे झालं. ओपन ला एरर्स="इग्नोर" दिलं की एरर गायब होतो, हे उत्तर सगळीकडे पटकन मिळतं आणि ते मराठीसाठी घातक आहे. रिप्लेस निदान तिथे काहीतरी गेलंय अशी खूण तरी ठेवतो, बॅकस्लॅशरिप्लेस तर बाईटचा आकडाच लिहून ठेवतो म्हणून तपासाला बरा, आणि सरोगेटएस्केप न कळलेले बाईट तसेच आत सांभाळून लिहिताना परत देतो. इग्नोर मात्र बाईट टाकून देतो आणि मागमूस ठेवत नाही. वाचनालयात मदत करणाऱ्या एका मुलाने चांगल्या हेतूने तेच टाकलं, वाचताना सीपी-१२५२ आणि इग्नोर, लिहिताना यूटीएफ-८. एरर थांबला, आणि सगळी यादी दुहेरी एन्कोडिंगची होऊन बसली, त्यातून प्रत्येक ह्रस्व उकाराचा आणि हलन्ताचा शेवटचा बाईट गळालेला.

साधं दुहेरी एन्कोडिंग उलटवणं सोपं असतं, मजकूर यूटीएफ-८ ने वाचायचा, त्याला एन्कोड सीपी-१२५२ लावून मूळ बाईट मिळवायचे आणि ते डीकोड यूटीएफ-८ करायचे. कचरा ब्राउझरसारख्या दुसऱ्या प्रोग्रॅममधून झालेला असेल तर ते पाच बाईट कंट्रोल अक्षरं बनून आलेले असतात आणि पायथॉनचा सीपी-१२५२ त्यांना नाकारतो, तेव्हा एफटीएफवाय नावाची लायब्ररी घ्या, तिच्यात याच कामासाठी स्लॉपी-विंडोज-१२५२ आहे. आमच्याकडे मात्र बाईटच नव्हते. मग बाईटवरच शोध लावला, जिथे ई०-ए५ आहे आणि पुढे तिसरा बाईट नाही अशा सगळ्या जागा. तिथे गळालेला बाईट ८१ किंवा ८डी च असू शकतो, ॐ चा विषय सोडला तर, म्हणजे ह्रस्व उकार किंवा हलन्त. ई०-ए४ नंतर भोक असेल तर ए, ऐ, झ, ऍ किंवा चंद्रबिंदू. स्क्रिप्टने प्रत्येक नावाचे शक्य ते पर्याय छापले, कुलकर्णीमध्ये दोन भोकं म्हणून चार पर्याय, आणि काकांनी वाचत वाचत बरोबर त्यावर खूण केली, ९०० च्या आसपास नावं दोन दुपारी बसून झाली. ज्या दहा-बारा आडनावांत दोन्ही पर्याय खरे वाटत होते तेवढ्यांसाठी जुनं हाताने लिहिलेलं रजिस्टर काढलं.